बटाटे की बर्मा

माझे सासरे दुसऱ्या महायुद्धात बर्मात लढले होते, असं ते स्वतः सांगायचे. दुसरं कुणीच सांगायचं नाही.

मुलुंडला आमच्या सोसायटीच्या फाटकाशी एक सिमेंटचा बाक होता. गिरणीतून रिटायर झाल्यापासून संध्याकाळी साडेपाचला सासरे त्या बाकावर बसत आणि बर्माची लढाई सुरू होई. मी नवी नवरी होते तेव्हा भाजीची पिशवी हातात धरून, तोंड उघडं टाकून ऐकत उभी राहिले होते. हत्तीची शेपूट धरून नदी पार केली, म्हणाले. आठवड्याने परत ऐकलं तर हत्तीचा कान धरला होता. एकदा अजगर कापून रस्सा केला, एकदा अजगरानेच यांचा तंबू गिळला. जपानी माणूस कधी यांच्या खांद्याएवढा, कधी दाराच्या चौकटीला डोकं लागेल एवढा. नवऱ्याला म्हटलं, "अरे, बाबा नक्की गेले होते ना रे?" तो म्हणाला, "हत्ती दोन्ही वेळेला होता ना? मग झालं तर."

या सगळ्यावर पाणी ओतायचं काम धाकटे काका करत. धाकटे काका म्हणजे सासऱ्यांचे सख्खे भाऊ. राहायला दिंडोशीला, पण सणवार, सुट्टी, काहीही असो, जेवायला आमच्याकडे. मुंबईत उभा जन्म गेला तरी बोलणं मालवणीच. सासऱ्यांनी बर्माचा 'ब' काढला की काकांचं ठरलेलं: "खय बर्मा नि खय ह्यो! अरे, दादा खडकीक डेपोत बटाटे सोलीत होतो, बटाटे!" लढाईच्या काळात सासऱ्यांचं एकच कार्ड गावी आलं होतं आणि ते खडकीहून आलं होतं, एवढाच काकांचा पुरावा. पण माणूस असा हातवारे करून सोलून दाखवायचा की सगळे हसून हसून बेजार. आणि सासरेच सगळ्यात जास्त हसायचे. कधी चिडले नाहीत, कधी 'नाही' म्हणाले नाहीत. "सोललं तर सोललं. साल किती पातळ काढायचो, इचार खडकीत!" म्हणायचे, की पुढचा हत्ती सुरू.

ते गेले तेव्हा आमच्या बिल्डिंगमध्ये रंगीत टीव्ही एकाच घरी होता, इतपत जुनी गोष्ट. गेले तेही झोपेत, कुणाला तसदी न देता. बाक बरेच दिवस रिकामाच राहिला. मग तिथे इस्त्रीवाल्याची गाठोडी बसायला लागली.

मागे राहिला एक बिस्किटांचा पत्र्याचा डबा. त्यात त्यांची मेडलं होती. दोन गोल, आणि शर्टाच्या खांद्यावर लावायची पितळी अक्षरं. हा डबा वर्षातून एकदाच बाहेर यायचा, दसऱ्याला. दसऱ्याला घरातल्या शस्त्रांची पूजा करायची, आणि आमच्या घरात शस्त्रं ती कसली? एक कोयता, एक विळी, नवऱ्याची पक्कड, माझी शिलाई मशीन. मशीन पाटावर मावत नसे म्हणून तिला जागच्या जागी फूल. त्यामुळे ही मेडलं म्हणजे आमच्या शस्त्रांतली खरी शान. सासूबाई आदल्या दिवशी ती चिंच लावून घासत. चिंचेने समाधान झालं नाही तर राखेने. इतकी वर्षं इतक्या निगुतीने घासली की राजाचं नाक केव्हाच गेलं होतं. समई आणि मेडल पाटावर शेजारी ठेवलं तर चकाकीत मेडल पुढे. मग त्यावर हळदकुंकू, एक झेंडूचं फूल, आणि पुन्हा डब्यात.

वर्षश्राद्ध होऊन गेल्यावरचा दसरा. मी पोटुशी होते, दुसऱ्या खेपेची. काका आपट्याची पानं घेऊन आले, सोनं वाटलं, जेवायला बसले. पुऱ्या, बटाट्याची भाजी. आता समोर बटाटा आणि पाटावर मेडल म्हटल्यावर काका गप्प कसे बसणार? भाजीतली एक फोड दोन बोटांत उचलली, मेडलांपुढे धरली आणि म्हणाले, "घी रे दादा. तुझा शस्त्र इसारली तुझ्या घरची माणसा!"

आम्ही सगळे हसलो. मलाही इतकं हसू आलं की पोट धरावं लागलं. वाढता वाढता सासूबाई थांबल्या आणि भाजीचं पातेलं तसंच हातात घेऊन आत गेल्या. बराच वेळ परत आल्या नाहीत म्हणून मी उठले. बघते तर बाई गॅसच्या ओट्याकडे तोंड करून उभ्या. पातेलं अजून हातातच.

"काय झालं आई?"

"हे खडकीक होते काय बर्माक, ता माका कळूक व्हया," त्या म्हणाल्या. "एकदाच काय ता कळूक व्हया."

मला वाटलं भावजींच्या थट्टेचा राग आलाय. मी म्हटलं, अहो, काकांचं काय मनावर घेता, त्यांची जीभ म्हणजे सुटलेलं ढोर. तर म्हणाल्या, "त्येची जीभ जळान दी. तुझ्या घोवाच्या आदी माका एक चेडू झाला होता, ठाऊक आसा?"

मला ठाऊक नव्हतं. माझ्या नवऱ्यालाही नव्हतं, हे मला मागाहून कळलं.

सासरे फौजेत गेले तेव्हा सासूबाईंना दिवस गेले होते. मुलगी झाली, रांगायला लागली, भिंत धरून उभी राहायला लागली. मग शिमग्यात ताप आला. बाहेर देवीची पालखी नाचतेय, ढोल वाजताहेत, आणि घरात हे. पालखी आमच्या अंगणात यायच्या आत मुलगी गेली. सासऱ्यांनी तिचं तोंडसुद्धा पाहिलं नाही. ते आले लढाई संपल्यावर.

"बर्मासून माणसाक येवक गावला नसता," सासूबाई म्हणाल्या. "ता मी समजान घेतलंय आसतंय. पन खडकीसून? खडकीसून येवक कितको येळ लागता गो? दोन दिस. कामाचो मानूस पन बारश्याक येता, मयताक येता. नि हे येवक नाय."

"मग तुम्ही विचारलं नाही त्यांना? एवढ्या वर्षांत?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी एवढीशी झाले. "आनि खडकी म्हनान सांगल्यानी तर? मगे संसार कसो करतलंय मी?"

बाहेर काका अजून बटाटे सोलून दाखवत होते आणि माझा नवरा खिदळत होता. मला दोघांचाही असा संताप आला की म्हटलं, पातेलं नेऊन दोघांच्या डोक्यावर पालथं घालावं. पण घालून कळणार काय होतं? सासूबाई म्हणत होत्या ते बरोबर होतं. एकदा काय ते कळायलाच हवं होतं. आणि ज्याला विचारायचं तो माणूस फोटोत बसला होता.

आमच्या मागच्या बिल्डिंगमध्ये, नाहूरच्या अंगाला, एक रिटायर्ड सुभेदार राहायचे. मूळचे नगरकडचे. भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि तिच्याखाली काचेच्या पेटीत स्वतःची मेडलं, पट्टीला पट्टी लावून, सगळ्यांचं तोंड एका दिशेला. त्यांच्या घरी चपलासुद्धा दाराबाहेर रांगेत सावधान उभ्या असत. सासऱ्यांच्या हत्तीपुढे हे गृहस्थ कधी बसले नव्हते. लांबून "नमस्कार" म्हणून पुढे जायचे, त्यावरून त्यांचं मत आम्हाला साधारण कळलेलं होतं. पण मेडल ओळखणारा दुसरा माणूस कुठून आणणार? एका रविवारी सासूबाई, नवरा आणि मी डबा घेऊन त्यांच्याकडे गेलो. काकांना कसा वास लागला देव जाणे, तेही आले.

सुभेदारांनी टेबलावर पांढरा रुमाल पसरला, चष्मा पुसला आणि डबा उघडला. हळदकुंकवाचा भपकारा वर आला. त्यांना दोन शिंका आल्या.

"हे काय आहे?"

"पूजेचं आहे," मी म्हटलं.

त्यांनी एक मेडल उचललं, उजेडात धरलं, उलटं केलं, परत सुलटं केलं. "आणि हे घासलं कशानं?"

"चिंचेन," सासूबाई म्हणाल्या. जरा अभिमानानेच म्हणाल्या. "नायतर राखेन."

सुभेदारांनी डोळे मिटले. लढाईत त्यांनी काय काय बघितलं असेल, पण त्या क्षणी त्यांचा चेहरा मला बघवेना. "वहिनी," ते अगदी हळू म्हणाले, "मेडल म्हणजे भांडं नव्हे. याच्या कडेला नाव असतं, नंबर असतो. तो वाचायचा असतो."

"मगे काळा पडला तर काय करूचा?"

सुभेदारांच्या बायकोने तेवढ्यात चहा आणला म्हणून बरं झालं.

चहा झाल्यावर सुभेदार कामाला लागले. पितळी अक्षरं त्यांनी बोटाने चाचपून वाचली. "हे रसद खातं. फौजेला धान्य, भाजीपाला, इंधन पुरवणारं."

"भाजीपालो!" काका खुर्चीतच उडाले. "मी काय म्हनत होतंय?"

मी काकांकडे असं बघितलं की ते परत खुर्चीला टेकले. सुभेदारांनी राजाच्या तोंडाचं मेडल पुढे सरकवलं. हे त्या काळात नोकरीत असलेल्या सगळ्यांनाच मिळालं, म्हणाले. दुसऱ्याच्या पाठीवर हिंदुस्थानचा नकाशा होता. सासूबाईंच्या चिंचेपुढे सिलोन टिकलं नव्हतं, पण बाकीचा देश शाबूत होता. "हे हिंदुस्थानात नोकरी केली त्याचं," सुभेदार म्हणाले आणि पुढचं बोलायला जरा घुटमळले. "बर्मात गेलेल्याला तारा मिळायचा. सहा टोकांचा, काशाच्या रंगाचा. मेडलं घरी टपालाने आली तेव्हा त्यांबरोबर तोही यायला हवा. तुमच्याकडे तारा होता का कधी? हरवला, कुणाला दिला?"

सासूबाईंनी मान हलवली. मेडलं आली तेव्हा त्या गावी होत्या, माझ्या नवऱ्याच्या वेळच्या बाळंतपणाला. सासरे एकटेच मुंबईत, गिरणीजवळच्या खोलीत. नंतर त्यांनी पाहिला तो हा डबा, आणि डब्यात एवढंच.

"मग मला जे दिसतं ते मी सांगणार, वहिनी. माणूस फौजेत होता हे नक्की. बर्मात होता असं या डब्यावरून म्हणता येत नाही." मग बहुधा सासूबाईंचा चेहरा बघून ते घाईने म्हणाले, "पण रसदीशिवाय फौज एक पाऊल पुढे जात नाही, हे लक्षात ठेवा."

"व्हय," सासूबाई म्हणाल्या, डब्याचं झाकण लावलं आणि उठल्या.

त्या दिवसापासून आमच्या घरी बटाटा आला नाही. बाजारातसुद्धा बटाट्याचा ढीग दिसला की सासूबाई रस्त्याच्या पलीकडच्या बाजूने चालायच्या. डबा पलंगाखाली गेला. सासऱ्यांच्या फोटोला रोज एक फूल असायचं, गेल्यापासून एक दिवस चुकलं नव्हतं, ते बंद झालं. मी मुकाट्याने एकदा जास्वंद खोचून ठेवली तर दुपारी ती गणपतीच्या पायाशी दिसली. मेलेल्या नवऱ्याशी अबोला धरलेली बाई मी आयुष्यात तेवढी एकच पाहिली. वर वर बघणाऱ्याला हसू यावं असंच ते होतं, मलाही कधी कधी यायचं. पण फोटोवरून फडकं फिरवताना बाई मान दुसरीकडे वळवायची, तेव्हा नाही.

थंडीत मी बाळंत झाले. मुलगी झाली.

बारशाला कुंची निघाली. आमच्या घरातलं प्रत्येक मूल पाळण्यात पडताना हीच कुंची घालून पडलं आहे. डोक्यापासून पाठीवर उतरणारी, आता विटकी झालेली हिरवी खणाची. माझ्या नवऱ्याच्या जन्माची बातमी कळली तेव्हा सासरे मुंबईहून ही स्वतः शिवून घेऊन गावी गेले होते. फौजेत बटणं लावून लावून हात बसलेला, टाका असा घट्ट की उसवायला सुरी लागावी. पण या कुंचीबद्दल सासूबाईंची एक जुनी तक्रार होती, आणि प्रत्येक बारशाला ती व्हायचीच. तोंडाभोवती काठाला लावलेल्या रेशमी पट्ट्या दोन बाजूंना दोन तऱ्हेच्या होत्या. डावीकडे गडद निळा, लाल, फिका निळा असे सारखे तीन पट्टे. उजवीकडे मधे रुंद लाल, दोन्ही कडांना गडद निळा आणि त्या निळ्याच्या मधोमध केशरी रेघ. "जल्म सगळो कापडात गेलो ह्यांचो," सासूबाई म्हणायच्या, "नि जोडीची पट्टी काय गावूक नाय!"

या खेपेला त्या काहीच बोलल्या नाहीत. मीच विचारलं, "आई, कुंची घालायची ना?" तर म्हणाल्या, "घाल. चेडवान काय केल्यान त्येका?"

बारशाला बायकांचीच गर्दी. पुरुष म्हणजे माझा नवरा आणि जेवायला आलेले काका. सुभेदार बायकोला सोडायला म्हणून आले होते, दारातूनच निघणार होते. मीच म्हटलं, अहो, बाळ तरी बघा. ते पाळण्याशी आले, वाकले, आणि वाकलेलेच राहिले. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. म्हटलं, कंबरेत उसण भरली की काय यांच्या!

"ही पट्टी कुणी लावली?" त्यांनी विचारलं.

"आजोबांनी," मी म्हटलं. "माझ्या सासऱ्यांनी."

"काढा ती कुंची. मला बघू दे."

"अहो, बारसं आहे, परेड नाही," त्यांची बायको म्हणाली. पण सुभेदारांनी हात पुढे केलेला तो केलेलाच. मी बाळाची कुंची काढली. पोरीने भोकाड पसरलं. सासूबाईंनी तिला उचलून घेतलं. सुभेदार कुंची घेऊन खिडकीशी गेले आणि तिथून परत आले तेव्हा त्यांचा आवाज बदलला होता.

"वहिनी, मेडल टपालाने यायचं तेव्हा पट्टी सुटी यायची. ज्याची त्याने शिवून घ्यायची. ही डावीकडची आहे ना, ती लढाईच्या मुलखात बरेच महिने काढलेल्याच्या ताऱ्याची. आणि ही उजवीकडची..." त्यांनी केशरी रेघेवर बोट ठेवलं. "ही बर्माची."



आमचे काका मात्र सहज हार मानणारे नव्हेत. "अशे पट्टे चोरबाजारात वारान मिळतत!" ते म्हणाले.

"मिळतात," सुभेदार म्हणाले. "पण विकत घेणारा माणूस दोन्ही बाजूंना एकच पट्टी घेईल. बेजोड पट्ट्या कोण घेतं? याच्याकडे या दोनच होत्या, म्हणून त्याने दोन लावल्या."

इतकी वर्षं जी तक्रार ऐकून ऐकून आमचे कान किटले होते, ती तक्रारच पुरावा निघाली. सुभेदार पुढे म्हणाले, "माझी गेल्या वेळी चूक झाली. मी डबा बघून बोललो. पण पट्ट्या आहेत तर तारेही आले असणार. दोन. ते गेले कुठे?"

सासूबाई पोरीला थोपटत होत्या. थोपटता थोपटता हात थांबला. "पालखीक दोन तारे आसत," त्या म्हणाल्या.

"कसली पालखी?"

"देवीची. आमच्या गावची. माझ्या पोराच्या जल्माच्या वर्सा ह्यांनी लावलेले, कुंची घेवन इले तेवा. माका वाटला, बाजारातसून हाडल्यानी, शोभेक." मग त्या काकांकडे वळल्या. "भावजीनू, तुमी सांगा. आसत काय नाय?"

काकांची दशा त्या वेळी बघण्यासारखी होती. आमच्या घराण्याला पालखीच्या पुढच्या दांड्याला खांदा द्यायचा मान आहे. तो दर शिमग्याला काका देतात. पालखी उचलायच्या आधी तिच्या मखमलीच्या छताला कपाळ टेकवायचं, तेही काकाच टेकवतात. "आसत," ते म्हणाले. बसून घेतलं त्यांनी. "डावीकडे एक, उजवीकडे एक. मी तर दर वर्सा त्येंच्याच पाया पडतंय."

ऐकून माझा नवरा हसायला लागला आणि मग सगळ्याच बायका. काका बिचारे बटाट्यासारखे गोरेमोरे होऊन बसले होते. पण सासूबाई हसल्या नाहीत. "बघल्याशिवाय माका खरा वाटाचा नाय," म्हणाल्या.

त्या शिमग्याला आम्ही सगळे गावी गेलो, तान्ह्या पोरीला घेऊन. एसटीत काका माझ्या शेजारच्या बाकावर बसले होते आणि पूर्ण प्रवासात बर्मा हा शब्द त्यांनी उच्चारला नाही. खडकीसुद्धा नाही. पेणच्या थांब्यावर वडा खाताना मी मुद्दाम म्हटलं, "काका, यात बटाटा आहे बरं का." तर माझ्यावरच डोळे वटारले.

देवळात पालखी सजवून ठेवली होती. काकांनी गुरवाला बाजूला घेऊन काय सांगितलं कोण जाणे, त्याने आम्हाला जवळ जाऊ दिलं. लाल मखमलीच्या छताला पुढून दोन तारे टाचलेले होते. वर्षानुवर्षांचा गुलाल आणि तेल बसून दोन गोळे झाले होते. मी उजवीकडच्यावर खोबरेल लावलं आणि पदराच्या टोकाने हळूहळू पुसलं. आधी मुकुट निघाला, मग मधलं कडं, मग कड्यातली अक्षरं. गुलालाच्या खाली ती कालच कोरल्यासारखी खणखणीत होती. देवीच्या वस्तूला चिंच लावायची कुणाची हिंमत झाली नव्हती, त्याचा हा फायदा. मी त्या वेळी एका कारखान्यात टायपिस्ट होते, इंग्रजी अक्षरं मला कितीही बारीक असली तरी दिसायची.

"बर्मा," मी मोठ्याने वाचलं.

तारा मखमलीला ज्या टाक्याने टाचला होता, तो टाका तोच होता. कुंचीचा. सुरीशिवाय न उसवणारा.

सासूबाई बघत उभ्या होत्या. त्यांची मुलगी गेली तीही शिमग्यात, ही पालखी अंगणात यायच्या आत. त्यानंतर जेव्हा जेव्हा त्या शिमग्याला गावी आल्या, याच पालखीपुढे नारळ ठेवून डोकं टेकवून गेल्या. समोर हे तारे असायचे. मला वाटलं आता त्या रडतील. रडल्या नाहीत. पोरीला माझ्याकडून घेतलं, पालखीपुढे धरलं, तिचं डोकं टेकवलं आणि मला म्हणाल्या, "गुलाल परत लाव."

पालखी उठायच्या आधी काका त्यांच्याजवळ आले. डोक्याला फेटा, कपाळाला गुलाल, आणि चेहरा पडलेला. "वयनी," ते म्हणाले, "पन बटाटे तरी थोडे सोलल्यानी आसतले मा? रसदीत होतो..."

"आसतले," सासूबाई म्हणाल्या. पदर तोंडाला लावला होता, पण हसल्या हे मी पाहिलं.

मुंबईला परत आल्यावर फोटोला फूल सुरू झालं. पण अबोला पुरता सुटला असं मला वाटेना. आता बाई फोटोसमोर उभी राहायची, बघत राहायची, ओठ हलायचे आणि मग काही न बोलता कामाला लागायची.

पुढचा दसरा आला. आदल्या दिवशी डबा निघाला, पण चिंच भिजली नाही. मेडलं काळपट होती तशीच पाटावर ठेवली, सुभेदारांचा हुकूम म्हणून. त्यांच्या शेजारी कोयता, विळी, पक्कड, आणि या वर्षी नवीन म्हणजे ती कुंची, नीट घडी करून, दोन्ही पट्ट्या वर येतील अशी. काका आले, आपट्याची पानं दिली. मग खांद्यावरच्या पिशवीत हात घातला आणि एक बटाटा काढला. चांगला मोठा, धुऊन पुसून आणलेला. पाटावर मेडलांच्या रांगेत ठेवला आणि हात जोडले.

मी म्हटलं, वाट लागली! आता या माणसाची काही धडगत नाही.

सासूबाईंनी बटाट्याकडे बघितलं. करंगळीशेजारचं बोट हळदीत बुडवलं, बटाट्याला लावलं. कुंकवात बुडवलं, लावलं. एक झेंडूचं फूल वाहिलं. मग भिंतीवरच्या फोटोकडे वळल्या आणि इतक्या महिन्यांनी, कदाचित इतक्या वर्षांनी, तोंड उघडलं.

"सगळ्या मुलुंडाक सांगीत सुटलात. हत्ती सांगल्यात, अजगर सांगल्यात. देवीक सांगल्यात. पोराच्या कुंचीक शिवन ठेयल्यात. नि माका सांगूक काय झाला होता तुमका? मी काय परकी होतंय? मी इचारूक भियालंय, तुमी कित्याक भियालात?"

 

मग त्या रडल्या. सासरे गेले तेव्हाही मी त्यांना अशा रडताना पाहिलं नव्हतं. पाळण्यातली पोर उठून बसली आणि आजीकडे बघत राहिली. काका खाली मान घालून उभे होते, आणि त्यांच्याही डोळ्यांतून पाणी गळत होतं. थट्टेत का होईना, इतकी वर्षं आपण कुणाला दुखवत होतो, ते त्यांना आता कळलं होतं.

नैवेद्य झाला. पूजा हलवली. सासूबाईंनी डोळे पुसले, पदर खोचला, पाटावरचा बटाटा उचलून काकांच्या हातात दिला आणि विळी त्यांच्यापुढे सरकवली.

"सोला," त्या म्हणाल्या. "पातळ."